बैलगाडीतला उपग्रह आणि सदतीस सेकंद

नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, मी इतिहासाची शिक्षिका. बी. ए. मराठी माध्यमातून, आणि मग पस्तीस वर्षं तालुक्याच्या शाळेत शिवकाल, पेशवाई, अठराशे सत्तावन्न. यंत्रांशी माझा संबंध मिक्सर आणि मोबाइलपुरता. त्यामुळे आज संगणकाच्या प्रोग्रॅमवर लिहायला बसलेय म्हटल्यावर घरात हसू झालं. पण लिहिण्याला कारण आहे, आणि ते घरचंच आहे.

गेल्या महिन्यात नात चार दिवस राहायला आली होती. ती पुण्यात एका कंपनीत कामाला आहे. काम काय, तर गाडीच्या ब्रेकमध्ये जो छोटा संगणक असतो, त्याच्यातला प्रोग्रॅम तपासायचा. हल्लीच्या गाड्या म्हणे समोर अडथळा दिसला की ड्रायव्हरच्या आधी स्वतःच ब्रेक लावतात. मी विचारलं, "मग तू रोज गाडी चालवून बघतेस?" तर म्हणाली, "नाही गं आजी. टेबलावर फक्त तो संगणक असतो. दुसरा एक संगणक त्याला सांगत राहतो, की तू आता ऐंशीच्या वेगानं चालला आहेस, पाऊस आहे, समोर माणूस आला. त्या बिचाऱ्याला वाटतं आपण खऱ्या गाडीत आहोत. तो काय करतो ते आम्ही लिहून ठेवतो." मला गंमत वाटली. लुटुपुटुच्या भातुकलीत खरी आई बसवायची आणि ती कशी वागते ते बघायचं, तसं काहीसं.

तर झालं असं, की एकच चाचणी तीनशेच्या वर वेळा केली आणि त्यात एकदा, फक्त एकदा, त्या संगणकानं ब्रेकचा हुकूम द्यायला उशीर केला. पुन्हा करून पाहिलं तर सगळं ठीक. सगळे म्हणाले, टेबलाची वायर सैल असेल, पुढे चल. हिनं 'उत्तीर्ण' असा शेरा लिहायला नकार दिला. कारण सापडेपर्यंत काम दोन आठवडे लांबलं. साहेब रागावले, बरोबरचे अबोल झाले. आणि शेवटी निघालं काय? वायरच! टेबलावरची एक जोडणी सैल होती. प्रोग्रॅम निर्दोष.

घरात हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी तिचीच थट्टा केली. तिचा मामा म्हणाला, "सैल वायरीसाठी दोन आठवडे! तुला बढती नक्की." ती हसली, पण रात्री माझ्याजवळ येऊन विचारलं, "आजी, मी चुकले का गं?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ज्यातलं कळत नाही त्यावर मत देऊ नये, हे मुलांना सांगत आले. मग तिच्याकडूनच काही नावं लिहून घेतली आणि महिनाभर वाचत बसले. इतिहासाच्या माणसाला इतिहासातूनच उत्तर सापडतं. तिचं उत्तर आज इथे देते, म्हणजे मामांनाही वाचता येईल!

सुरुवात मात्र माझ्या स्वतःच्या चुकीनं करते.

१९८१ साली आपला 'ॲपल' नावाचा उपग्रह आकाशात गेला. त्याचं बैलगाडीवर ठेवलेलं छायाचित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. मी ते वर्तमानपत्रातून कापून जाड कागदावर चिकटवलं होतं आणि वर्षानुवर्षं वर्गात दाखवत होते. सांगायची काय, तर मुलांनो, आपला देश इतका गरीब होता, की उपग्रह न्यायला गाडी नव्हती, म्हणून बैलगाडी. मुलं गंभीर व्हायची. मलाही भरून यायचं.

आता कळलं, की ती एक चाचणी होती. उपग्रहाच्या ॲन्टेनाची परीक्षा मोकळ्या जागेत घ्यायची होती. लोखंडी ट्रकवर ठेवला तर ते लोखंडच लहरींमध्ये लुडबुड करणार. म्हणून लाकडी बैलगाडी. म्हणजे ज्याला मी वीस वर्षं गरिबीचा पुरावा म्हणत होते, तो शास्त्रज्ञांच्या काटेकोरपणाचा पुरावा होता. मी एकदाही कुणाला विचारलं नाही. 'गाडी नसेल' असं वाटलं आणि 'गाडी नव्हती' असं शिकवलं. नसेल आणि नव्हती, या दोन शब्दांमधलं अंतर पुढे फार उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

हा ॲपल उपग्रह १९ जून १९८१ रोजी 'एरियान' नावाच्या युरोपच्या अग्निबाणानं वर गेला, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कुरू या ठिकाणाहून. ते एरियानचं तिसरंच चाचणी-उड्डाण होतं. पुढे याच घराण्यातला एरियान-४ आला. १९८८ पासून उडणारा, अतिशय भरवशाचा. आपले इन्सॅट मालिकेतले काही उपग्रहही त्यानंच वर नेले. मग त्याहून ताकदवान एरियान-५ तयार झाला. त्याचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ रोजी होतं. पोटात क्लस्टर नावाचे चार उपग्रह होते. सूर्याकडून येणारे कणांचे झोत पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय कवचावर आदळतात तेव्हा काय होतं, ते शोधायला निघालेले.

उड्डाण उत्तम झालं. सदतिसाव्या सेकंदापर्यंत. मग अग्निबाण एकाएकी आडवा वळला, हवेच्या झोतानं मोडू लागला, आणि त्याच्यातल्याच यंत्रणेनं त्याचा स्फोट घडवला. उंची जेमतेम पावणेचार किलोमीटर. तुकडे खाली खारफुटीच्या दलदलीत बारा चौरस किलोमीटरवर पसरले.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष जाक-लुई लिऑन्स, फ्रान्सचे मोठे गणिती. माणसं दलदलीत उतरून अवशेष वेचत होती आणि त्यात दिशादर्शक उपकरणंही सापडली. त्यांच्या स्मृतीतून शेवटच्या क्षणाची हकिगत काढता आली. मला हे वाचताना ताम्रपट सापडल्यासारखं वाटलं! १९ जुलैला, म्हणजे दीड महिन्यात, अहवाल तयार. आपल्याकडच्या चौकश्या आठवल्या.. असो.

अहवालात जे निघालं ते मला जमेल तसं सांगते.

अग्निबाणाला आपण कुठे चाललो आहोत, किती कललो आहोत, हे सांगणारं एक उपकरण असतं. ते एरियान-४ मधून जसंच्या तसं उचललं होतं, प्रोग्रॅमसकट. इतकी वर्षं बिनतक्रार चाललेलं, ते का बदला? त्यात एका जागी एक मोठा आकडा लहान रकान्यात उतरवायचा होता. त्या रकान्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आमच्या जुन्या गुणपत्रकात गुणांसाठी दोनच घरं छापलेली असत. एखाद्या मुलीला शंभर मिळाले की पंचाईत, तसंच. हा आकडा अग्निबाणाच्या आडव्या वेगाशी निगडित होता. एरियान-४ चा आडवा वेग सुरुवातीला कमी असे, त्यामुळे आकडा कधी मर्यादेबाहेर गेलाच नाही. एरियान-५ ची वाट वेगळी होती, तो सुरुवातीपासूनच कितीतरी जास्त वेगानं आडवा सरकत होता. आकडा मावला नाही.

बरं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं! असे धोक्याचे सात आकडे करणाऱ्यांनी ओळखले होते. त्यांपैकी चारांना संरक्षण दिलं, तिघांना नाही, कारण संगणकावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त भार टाकायचा नव्हता. या तिघांची वाढ एकतर भौतिक कारणांनी मर्यादित आहे किंवा पुष्कळ वाव आहे, असा विचार होता. एरियान-४ च्या बाबतीत तो खराही होता.

आणखी पुढचं ऐका. हे गणित उड्डाणानंतर लागतच नव्हतं. ते उड्डाणाच्या आधी उपकरण नीट जुळवण्यासाठीचं. पण शेवटच्या क्षणी उलटी मोजणी थांबली तर पुन्हा जुळवणी करायला पाऊण तासाच्या वर वेळ जायचा. तो वाचावा म्हणून जुन्या एरियानमध्ये ते गणित उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू ठेवण्याची सोय केली होती. १९८९ साली एकदा तिचा उपयोगही झाला. एरियान-५ ला या सोयीची गरजच नव्हती. तरी ती राहिली, कारण चालतंय ते का काढा?

आकडा मावला नाही तेव्हा उपकरणानं काय करावं? ठरलं होतं की त्यानं बंद पडावं. कारण बिघाड म्हणजे एखादा भाग जळणं, अशीच कल्पना होती. एक जळला तर जोडीचा दुसरा काम घेईल. पण दुसऱ्यातही तोच प्रोग्रॅम होता. तो तर निमिषभर आधीच, त्याच कारणानं बंद पडला होता. बोर्डाच्या परीक्षेत पेपर तपासणारा एक आणि फेरतपासणी करणारा दुसरा, पण दोघांच्या हातात एकच चुकीची उत्तरसूची असेल तर दुसऱ्याचा उपयोग काय? मग पहिल्या उपकरणानं बंद पडताना 'माझ्यात असा असा बिघाड झाला' असा सांकेतिक निरोप पाठवला, आणि मुख्य संगणकानं तो निरोप म्हणजे उड्डाणाची खरी माहिती समजून इंजिनांची तोंडं पूर्ण वळवली. अग्निबाण सरळच चालला होता. तो नसलेली चूक दुरुस्त करायला गेला.

आता मुख्य मुद्दा. चाचण्या झाल्या नव्हत्या का? पुष्कळ झाल्या. पण हे उपकरण एरियान-५ च्या वाटेवर कधीच तपासलं गेलं नाही. त्याच्या मागणीपत्रात नव्या वाटेचे आकडे घालायचे नाहीत असं सगळ्यांच्या संमतीनं ठरलं होतं. आणि संपूर्ण अग्निबाणाची टेबलावर नक्कल करून जी परीक्षा घेतली, तिच्यात खऱ्या उपकरणाच्या जागी त्याची नक्कलच बसवली होती. खरं तर ते सिद्ध झालेलंच आहे ना, मग पुन्हा कशाला! अपघातानंतर मात्र त्याच प्रोग्रॅमला त्या दिवसाच्या वाटेचे आकडे जमिनीवर दिले. तो तसाच्या तसा बंद पडला. जे सदतीस सेकंदांत आकाशात कळलं, ते आधी जमिनीवर कळलं असतं.

हे वाचताना मला माझी टाचणं आठवली. शिक्षकमंडळी हसतील! दर वर्षी पाठाचं टाचण लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची. आम्ही काय करायचो, तर मागच्या वर्षीची वही उघडायची, तारखा बदलायच्या. मागच्या वर्षी चाललं, या वर्षीही चालेल. वर्ग वेगळा, मुलं वेगळी, कधी कधी पुस्तकसुद्धा बदललेलं. बैलगाडीचं चित्र वीस वर्षं टिकलं ते याच वहीच्या जोरावर.

एरियानमध्ये माणसं नव्हती. दुसऱ्या हकिगतीत आहेत, म्हणून ती सांगायला हात जड होतो.

१९९१ साली आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रं तैनात होती. इराकची स्कड क्षेपणास्त्रं येताना दिसली की ती हवेतच पाडायची. यातला संगणक वेळ मोजायचा तो सेकंदाच्या दशांशात. आता गंमत अशी, की एक भागिले तीन आपल्या दशमान पद्धतीत कधी पुरं होत नाही, ०.३३३३ चालूच राहतं. तसाच एक दशांश हा आकडा संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत कधी पुरा होत नाही. कुठेतरी तोडावा लागतो. तोडलं की अगदी कणभर चूक. सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढी. पण दशांशामागे दशांश ती साठत जाते. शंभर तास यंत्र सलग चालू राहिलं तर ती जवळजवळ सेकंदाच्या एक तृतीयांश होते, आणि तेवढ्यात स्कड अर्धा किलोमीटरच्या पुढे गेलेलं असतं. यंत्र रिकाम्या आकाशात बघत राहतं.

ही यंत्रणा मुळात जागा बदलत फिरायची, एका वेळी थोडेच तास चालवायची, म्हणून बनवलेली. शंभर तास ती कोण चालवणार? धाहरानला मात्र ती शंभर तासांहून जास्त चालू होती. ११ फेब्रुवारीला इस्रायलकडून इशारा आला होता, की आठ तासांतच नेम सरकू लागतो. २१ फेब्रुवारीला पेट्रियट वापरणाऱ्यांना निरोप गेला, की यंत्र फार वेळ सलग चालवलं तर नेम सरकू शकतो. फार वेळ म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं. बंद करून पुन्हा चालू केलं असतं तरी मोजणी शून्यापासून सुरू झाली असती. मिनिट-दीड मिनिटाचं काम. २५ फेब्रुवारीला स्कड सैनिकांच्या निवाऱ्यावर पडलं. २८ सैनिक गेले. सुधारलेला प्रोग्रॅम धाहरानला पोचला २६ फेब्रुवारीला.

एक दिवस.

इतिहास शिकवताना 'एक दिवस उशीर झाला' हे वाक्य मी कितीदा उच्चारलं असेल. इतकं जड ते कधी वाटलं नव्हतं.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे आपण सगळे टीव्हीसमोर होतो. चांद्रयान-२ चा विक्रम चंद्रावर उतरत होता. शेवटची पंधरा मिनिटं त्याला पृथ्वीवरून कुणी हात धरायला नसतं, सगळे निर्णय त्याचे त्यानं घ्यायचे. पडद्यावरची हिरवी रेघ वाट सोडून गेली आणि सगळं शांत झालं. मी तेव्हा रडले होते, खोटं कशाला सांगू.

पुढे इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये काय झालं ते मोकळेपणानं सांगितलं. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जरा जास्त जोर दिला. त्यातून चुका साठत गेल्या. मधल्या टप्प्यात कॅमेऱ्यासाठी यान स्थिर ठेवायचं होतं, त्यामुळे त्या लगेच सुधारता आल्या नाहीत. पुढे यानाला वेगानं वळायची वेळ आली तेव्हा प्रोग्रॅमनं वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. इतक्या वेगानं वळावं लागेल अशी कल्पनाच केलेली नव्हती. आणि उतरायला नेमून दिलेली जागा होती ५०० मीटर लांब, ५०० मीटर रुंद. ती गाठायच्या धडपडीत वेग वाढतच गेला.

पुन्हा तेच. 'इतकं होणार नाही.'

मला आवडलं ते त्यानंतरचं. चांद्रयान-३ बनवताना त्यांनी विचाराची दिशाच उलटी केली. सगळं नीट झालं तर यान कसं उतरेल, हा प्रश्न बाजूला ठेवून, काय काय बिघडू शकतं आणि ते बिघडलं तरी यान कसं उतरेल, हा प्रश्न धरला. एखादा संवेदक गेला तर? इंजिन बंद पडलं तर? गणित चुकलं तर? उतरायची जागा सुमारे चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. उपकरणं हेलिकॉप्टरला लावून आकाशात फिरवली, इंजिनं उंच क्रेनला टांगून पेटवली, पाय चंद्रासारख्या मातीवर आपटून पाहिले. आणि २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम अलगद उतरला. त्या दिवशीही मी रडले! त्या रात्री टाळ्या वाजल्या त्या उतरणाऱ्या यानाला. पण चार वर्षं 'हे बिघडलं तर?' असं विचारत बसलेली, दिवसभर आपल्याच कामात खोट काढणारी जी माणसं असतील, त्यांना त्या रात्री झोप लागली असेल, असं माझं मन म्हणतं.

क्लस्टरचंही सांगायला हवं. ते चार उपग्रह पुन्हा बांधले आणि २००० साली दोन रशियन अग्निबाणांनी वर गेले. एरियान-५ सुधारला, आणि २०२३ च्या शेवटच्या उड्डाणापर्यंत भरवशाचा म्हणून नावाजला गेला. २०१८ मध्ये आपला जवळजवळ सहा टनी जीसॅट-११ त्यानंच नेला. चूक झाली म्हणून कुणी संपत नाही. चूक कुठे झाली हे शोधायला दलदलीत उतरायची तयारी मात्र लागते.

तर बाळा, तुझं उत्तर.

डाईक्स्ट्रा नावाच्या एका डच संगणकशास्त्रज्ञानं फार पूर्वीच सांगून ठेवलंय, की चाचणीतून दोष आहेत एवढं दाखवता येतं, दोष नाहीत हे कधीच दाखवता येत नाही. आम्हा शिक्षकांना हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. मुलगी उत्तीर्ण झाली म्हणजे विचारलेले प्रश्न तिला आले. न विचारलेल्यांचं कुणी सांगावं? तीनशे वेळा बरोबर आलेलं उत्तर तीनशे प्रश्नांचं उत्तर. आणि जे एकदाच चुकलं, ते तुला काहीतरी सांगायला आलं होतं.

सगळे म्हणाले, 'वायर असेल.' त्यांचा अंदाज बरोबर निघाला. पण तू शोधलं त्या दिवसापर्यंत तो अंदाजच होता. 'वेग इतका वाढणार नाही' हाही अंदाज होता. 'शंभर तास कोण चालवणार' हाही. तेही जाणत्या, हुशार माणसांचे, आणि बहुतेक वेळा बरोबर येणारे. दोन आठवडे खर्चून तू 'असेल' चं 'आहे' केलंस. तुझ्या कामाचा तोच तर अर्थ आहे. त्या गाडीसमोर उद्या रस्ता ओलांडणारी एखादी शाळकरी मुलगी असेल. तिला तुझं नाव कधी कळणार नाही, तिच्या आईलाही नाही. काही घडलंच नाही, तर कळणार तरी कसं?

तेव्हा तू चुकली नाहीस. मी मात्र चुकले होते. त्या बैलगाडीच्या चित्राखाली जे सांगितलं ते चुकीचं होतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर तेवढी दुरुस्ती करून घ्या, आणि आपल्या मुलांना खरं सांगा. ती गरिबीची गाडी नव्हती. तिच्यावर एक परीक्षा चालली होती.

मामांनी वाचलं असेल तर नातीला एक फोन करावा. साहेबांचं काय करायचं, ते ती बघून घेईल.